घासाघीस

श्रीगोंदा, १२ जानेवारी २०२६

बिबीजान,

सलाम. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून फैयाजला लावला. तुझा भाऊ मोठा धोरणी माणूस. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, पाऊसपाण्याचं बोलला आणि मग हळूच म्हणाला, "आपा म्हणते, फोनवर तुम्ही घासाघीस करता. जे सांगायचं ते लिहून द्या. लिहिलेल्या शब्दाचा भाव पाडता येत नाही."

बरं. लिहितो. घरात आपण आपली हिंदी बोलत आलो, पण शाळा दोघांची मराठी, तेव्हा अक्षर मराठीतच निघणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुला पत्र कधी लिहिलं नव्हतं. लिहायला तू लांब असावी लागतेस आणि तू कधी गेलीच नव्हतीस.

कागद कानिफनाथ आणून देईल. आपला टेम्पो लिंबू घेऊन संगमनेरच्या मार्केटला जातोच, तिथून पुढे तुझ्या माहेरी, अकोल्यापर्यंत जा म्हणालो. मला वाटलं, कुरकुर करेल. मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "जातो की. भाभी गेल्यापास्नं हिथं चहाला चव न्हाई, मालक." म्हणजे ड्रायव्हरसुद्धा तुझ्या बाजूचा.

घर ठीक आहे. मी ठीक आहे. दोन्ही लेकींचे फोन येतात, दोघी आधी तुझं विचारतात आणि मग माझं विचारायचं राहून जातं.

आता मुद्द्याचं. नगरला आपण त्या आहारवाल्या सुकन्या मॅडमकडे गेलो, तेव्हा तू बाहेर बाकावर बसली होतीस. आत काय झालं ते तुला मी माझ्या सोयीने सांगितलं होतं. पूर्ण ऐक.

पोरगी हुशार. माझे रिपोर्ट बघितले, सकाळी उठल्यापासून काय काय खातो ते सगळं विचारलं, आकडेमोड केली आणि म्हणाली, "काका, दिवसाला अठराशे कॅलरी."

मी म्हणालो, "बाराशे."

तुला माझ्या तोंडाची सवय माहीत आहे. समोरच्याने आकडा उच्चारला की माझा आकडा आपोआप खाली जातो. एसटी स्टँडवर पाटीत लिंबं घेऊन बसायचो तेव्हापासूनचं हे. मार्केटात गाळा घेतला तोही असाच, मालकाने भाव सांगितला की मी हसायचो. अठराशे कशाचे, गूळ आहे की गोवऱ्या, हे डोक्यात यायच्या आधीच तोंडाने बाराशे म्हणून टाकलं होतं.

ती म्हणाली, "काका, मी तुम्हाला खायला देतेय आणि तुम्ही कमी मागताय."

मी म्हणालो, "बाराशे. शेवटचं."

"सतराशेच्या खाली मी येणार नाही. तेवढ्यात तुम्ही आठवडाभरही टिकणार नाही."

मग मी ठेवणीतला डाव टाकला. उठलो, टोपी सारखी केली आणि सावकाश दाराकडे निघालो. आजवर या डावाने मला कोणी दाराबाहेर जाऊ दिलेलं नाही, मागून हाक येतेच. तिने हाक मारली. म्हणाली, "काका, दार नीट ओढून घ्या, एसी चालू आहे."

तरी बाहेर आलो ते छाती फुगवून. तुला म्हणालो, सहाशे कमी करून आलो. तू माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "कमी करून नुकसान कोणाचं केलं?" मी गाडीत बसेपर्यंत लिंबाच्या भावाचं बोलत राहिलो. तुला वाटलं असेल मला ऐकू आलं नाही. माझे कान तुला माहीत आहेत. लिलावात पुढचा माणूस बोली वाढवणार की थांबणार, हे मी त्याच्या श्वासावरून ओळखतो. तुझा प्रश्न मला स्वच्छ ऐकू आला होता.

रमजान महिन्याभरावर आला. चांद दिसायच्या आत ये. सेहरीला मला उठवणारं दुसरं कोणी नाही.

तुझा,
नूरमहंमद

ता.क. वजन उतरतंय. पँट ढिली झाली.


श्रीगोंदा, २१ जानेवारी २०२६

बिबीजान,

कानिफनाथ आला तेव्हा मी लिलावात उभा होतो. लिलाव सोडून त्याच्याकडे गेलो, यावरून समज. विचारलं, हसली का? म्हणाला, "हासल्या न्हाईत. पन कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तोंडावर ओढणी धरली, तवा आतून काय झालं ते मला कसं दिसनार." हा माणूस टेम्पो चालवतो ते चुकलं, याने वकील व्हायला हवं होतं.

मग त्याने तुझा निरोप दिला. "सगळं लिहिलं, काट्याचं लिहिलं नाही."

मला वाटलं होतं, ते राहून जाईल.

लिहितो. डिसेंबर संपता संपता फैयाज आला, अकोल्याचा नवा तांदूळ घेऊन. तू पहाटेपासून चुलीपाशी होतीस. त्या तांदळाचा मटण पुलाव तू केलास आणि वास असा सुटला की पलीकडच्या गल्लीतली माणसं उगाच आपल्या दारावरून जाऊ लागली. दस्तरखान पसरलं, सगळे बसले. मी उठलो आणि गाळ्यावरचा इलेक्ट्रॉनिक काटा आणून मधोमध ठेवला. रिकामी प्लेट ठेवून शून्य केलं. म्हणालो, आता वाढ.

तू वाढलंस. आकडा वर गेला. मी चमच्याने थोडं काढलं, पुन्हा बघितलं. इथपर्यंत फैयाज हसत होता. मग मी म्हणालो, "थांब, हाडांचा कडता काढायचा राहिला."

शेतकऱ्याच्या मालात माती, पाला, सडकं निघतं म्हणून वजनातून जे कापतात तो कडता. तो मी तुझ्या पुलावाला लावला. फैयाजचं हसू तिथे थांबलं, ते मला दिसलं. तू काय म्हणालीस ते जसंच्या तसं लिहितो, त्याचं मराठी करत नाही: "मेरे हात के खाने कू काटा लगाए तुम." आवाज चढवला नाहीस. सकाळी फैयाजच्या जीपमध्ये बसलीस.

झालं. लिहिलं. आता त्याच्या पुढचं, जे तुला माहीत नाही.

मी घरी दाणा न् दाणा मोजत होतो, तेव्हा मार्केटात काय चालू होतं? शेजारी छगनच्या गाळ्यावर रोज गरम भजी येतात. त्यातलं मी एक उचलायचो. समोरच्या शेववाल्याकडून मूठभर शेव. जिलेबी ताजी आहे का ते बघायला जिलेबीचं एक वेटोळं. यातलं काहीही मी बाराशेत धरलं नाही आणि विश्वास ठेव, लपवाछपवीही केली नाही. मला खरंच ते खाणं वाटत नव्हतं. मी त्याला नमुना म्हणत होतो. गोणीतलं एक लिंबू कापून रस बघितला तर ते लिंबू काट्यावर जात नाही. नमुन्याचं वजन कोण धरतं? आमच्या धंद्यात कोणी धरत नाही. तोच नियम मी पोटाला लावला आणि पोटाला आपला धंदा माहीत नव्हता.

छगनने मला पकडलं. तिसऱ्या भज्याला म्हणाला, "नूरभाई, नमुना किती घेताय, आक्की गोनी संपंल."

मी म्हणालो, तू कोण सांगणारा, तुझं स्वतःचं काय चाललंय? कारण माझं बघून त्यानेही आकडा ठरवला होता. कधी ठरवला? रविवारी, बोकडाचं जेवण झाल्यावर, ढेकर देत. तेव्हा त्याला वाटलं, हजार पुष्कळ झाले. सोमवारी दहा वाजता हमालाच्या डब्यात डोकावत होता. मी तिथे उभ्या उभ्या विचार केला, हा तर सरळ वायदा आहे. कांद्याने कोठार भरलेलं असताना पुढच्या महिन्याचा कांदा मातीमोलाने देऊन टाकायचा आणि महिना उजाडला की बोंबलत बसायचं. धंद्यात छगन असलं काही कधी करणार नाही. भरल्या पोटी मात्र त्याने उद्याची भूक अशीच देऊन टाकली. आणि मी तर भरल्या पोटीही नाही, नुसत्या सवयीने दिली.

त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मंग उपाशी पोटी ठरवावं का?" मी म्हणालो, उपाशी पोटी ठरवशील तर तीन हजार निघतील. तो म्हणाला, "मला चालतंय."

दोघंही हसलो. पण घरी आलो, दिवा लावला आणि हसू कुठे गेलं कळलं नाही. घर ठीक आहे असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ठीक नाही. चांदाच्या आत ये.

तुझा,
नूरमहंमद

ता.क. पँट ढिली नाही झाली. पट्टा बदललाय.


श्रीगोंदा, २ फेब्रुवारी २०२६

बिबीजान,

या खेपेला कानिफनाथाने आणलेला निरोप मी तीन वेळा वदवून घेतला. "काट्याचं वाचलं. अजून काहीतरी आहे, ते तुम्हालाच माहीत नाही." मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, "ते त्यांनी मला सांगितलं अस्तं तर म्या तुमाला सांगितलं अस्तं."

म्हणून मी पुन्हा नगरला गेलो, सुकन्या मॅडमकडे. मला वाटलं ती रागावेल. तिने काटा, कडता, नमुना सगळं ऐकलं आणि इतकी हसली की बाहेरच्या बाईने दार उघडून बघितलं. मग म्हणाली, असं सगळेच करतात, फक्त तुमच्यासारखं नाव कोणी देत नाही. कोणी उभ्याने खाल्लेलं धरत नाही, कोणी पोराच्या ताटातलं. आणि आकडा ठरवताना माणूस आपल्या भुकेला विचारतच नाही, म्हणाली. गोल दिसणारा आकडा धरतो, किंवा शेजाऱ्याहून कमी, किंवा ऐकणाऱ्याने वा म्हणावं असा. मग संध्याकाळी तो मोडतो आणि मोडला की म्हणतो, आज गेलंच, आता खाऊन घेऊ, उद्यापासून बघू.

मी तिला छगनच्या पोराचं, रविराजचं सांगितलं. तो सुप्याला कंपनीत आहे, मोबाईलमध्ये सगळं भरतो. त्याचा आकडा मॅडमसारख्या कोणीतरी नीट काढून दिलेला. तर हा काय करतो, रात्री जेवण झालं की मोबाईल बघतो. अजून दोनशे शिल्लक दिसले की उठून शेंगदाणे खातो. भूक नसते. छगनने विचारलं, का रे खातोस? तर म्हणे, बजेट लॅप्स होईल. मार्चअखेर आली की सरकारी खातं चांगला रस्ता उकरून पुन्हा करतं, तसं या पोराचं रोज. मॅडमने ते वहीत टिपून घेतलं. म्हणाली, दुसऱ्या पेशंटला सांगेन.

मग मी तिला माझी अडचण सांगितली. म्हणालो, मॅडम, मी रोजे धरतो. चैत्राच्या उन्हात धरलेत, गोण्या उतरवत धरलेत. अजानच्या आधी खजूर तोंडात टाकावा असं मला एकदाही वाटलं नाही. मग हे बाराशे मला चार वाजेपर्यंत का झेपत नाहीत? ती म्हणाली, तुम्हीच सांगा. मी विचार करून म्हणालो, रोज्याचा आकडा मी काढलेला नाही. तिथे भाव पाडायला जागाच नाही. सूर्य बुडाला की सुटतो आणि आपल्या मोहल्ल्यातला प्रत्येक जण त्याच वेळी उपाशी असतो. बाराशेत मी एकटा. विकणाराही मी, घेणाराही मी आणि काटा मारणाराही मीच.

ती म्हणाली, "मग काका, घरात आकडा कोण ठरवतं?"

मी म्हणालो, बिबीजान. तीच रांधते, तीच वाढते.

"आणि त्यांचा आकडा किती?"

मला वाटलं, सोपं आहे. तोंड उघडलं आणि बिबीजान, आयुष्यात पहिल्यांदा कोणी आकडा विचारला आणि माझ्याकडे आकडाच नव्हता. वरचा नाही, खालचा नाही. मी तुला जेवताना डोळ्यांसमोर आणायला बघितलं. वाढताना आलीस. दुरडी उचलताना आलीस. माशा हाकलताना आलीस. जेवताना काही येईनास.

परत येताना कानिफनाथ टेम्पो चालवत होता. मी गप्प बसलो की त्याला भीती वाटते, दोनदा विचारलं, दवाखान्यात घेऊ का.

घरी येऊन तुझ्या स्वयंपाकघरात बसलो. आणि मग आठवलं ते डोळ्यांना नाही, कानांना. आमचं जेवण उरकलं की मी पलंगावर पडतो. आतून आवाज येतो, पातेल्याच्या बुडाला चमचा घासल्याचा, खर्र खर्र. वर्षानुवर्षं तो आवाज ऐकत मी झोपी गेलोय. मला वाटायचं, भांडी घासायला काढलीस.

ते तुझं जेवण होतं.

आपलं लग्न झालं तेव्हाचं आठव. बारा माणसांचं घर, अब्बांसमोर तुला माझ्याशी बोलता येत नव्हतं. मी काष्टीच्या बैलबाजारात रुमालाखालचा सौदा बघून आलो होतो. हातावर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबायची, बघणाऱ्याला काही कळत नाही. तो तुला शिकवला. दुरडी ठेवायला वाकलीस की ओढणीखाली तू माझी बोटं दाबायचीस. जितकी बोटं, तितक्या भाकरी उरल्यात. मूठ मिटून दिलीस की संपल्या, आता मागू नका. मी शहाण्यासारखं पाणी पिऊन उठायचो आणि मनात म्हणायचो, काय बायको मिळाली, नजर नाही की शब्द नाही, सौदा चोख. तुझ्या बोटांवर मी इतका खूश होतो की मूठ मिटल्यावर तू काय खाल्लंस, हे विचारायचं सुचलं नाही. पुढे घर मोठं झालं, माणसं पांगली, दुरडी भरलेली राहू लागली. तुझा आकडा मात्र तोच राहिला, पातेल्यात जे उरेल तो.

घासाघीस म्हणतेस ना तू मला. एवढी वर्षं तो शब्द खातोय. त्यात घास आहे, हे परवा रात्री कळलं.

तू म्हणालीस, अजून काहीतरी आहे. हेच होतं का? नसेल तर सांग, मी पुन्हा शोधतो.

नूरमहंमद


श्रीगोंदा, ९ फेब्रुवारी २०२६

बिबीजान,

कानिफनाथ सांगत होता. "भाभीनं कागद वाचला, आत गेल्या. लई येळ आल्या न्हाईत. फैयाजभाईनं मला दोनदा चहा पाजला. मंग डबा घेऊन आल्या, म्हनल्या, ह्यो टेम्पोत आडवा पडू देऊ नको." त्याने तो डबा अकोल्यापासून श्रीगोंद्यापर्यंत मांडीवर ठेवून टेम्पो चालवला. त्याच्या मांडीला चटका बसलाय, पण तक्रार नाही.

डब्यात तांदळाच्या भाकरी आणि खाली घडी केलेला कागद. तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखं टपोरं आहे.

"हेच होतं. भाकरी मोजून पाठवल्या नाहीत. मी कधी बसले नाही, कारण वाढणारी बसली तर वाढायचं कोणी? आता तुम्ही सांगा, वाढायचं कोणी?"

मी भाकरी खाल्ल्या. किती ते सांगणार नाही, सुकन्या मॅडमलाही नाही. मग दोन दिवस तुझ्या प्रश्नावर घालवले. पहिलं उत्तर मनात आलं, मी वाढतो. पण ते बोलणं झालं. तुझ्या कागदावर नुसतं बोलणं चालत नाही, म्हणून करून बघितलं. बाजरीचं पीठ मळलं, भाकरी थापली. पहिली तव्यावर जाईपर्यंत फाटली. दुसरी अशी झाली की छगन बघून म्हणाला, "नूरभाई, तुमच्यात चांद यायला अजून हप्ता हाय न्हवं? ह्यो तर तव्यावरच दिसला."

तेव्हा उत्तर असं. वाढायचंच नाही. सगळं आधी करून मधोमध ठेवायचं, एकच मोठा थाळा, इफ्तारीला मशिदीत बसतो तसं. तुझी बाजू तुझी, माझी बाजू माझी. कोणाला काही लागलं तर ज्याचे गुडघे त्या दिवशी बरे असतील तो उठेल. एका थाळ्यात जेवलं की काटा लावायचा कुठे? आणि पातेल्यात काय उरलं ते दोघांना दिसेल.

काटा गाळ्यावर परत नेला. तिथेच त्याचं काम.

येत्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज संगमनेरला पढून अकोल्याला येतो. तुला न्यायला येतोय असं म्हणत नाही, ते तुझ्या हातात आहे, आणि हे मी वाक्य सजवायला लिहिलेलं नाही. मी तुझ्यासमोर बसेन आणि हात पुढे करेन. तू ओढणी टाक. माझ्या जेवणाचा आकडा तू दाब. जो दाबशील तो मान्य, एक बोटही कमी करणार नाही. मग तुझा आकडा दाब. मूठ मिटलीस तर मी समजेन, अजून यायचं नाही, आणि कानिफनाथाबरोबर परत येईन.

घासाघीस करणार नाही. लिहून दिलं.

तुझा,
नूरमहंमद


श्रीगोंदा, १८ फेब्रुवारी २०२६

बिबीजान,

तू आत आहेस आणि मी ओसरीवर बसून तुला पत्र लिहितोय. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत असेल, याला लागीर झालं. पण तू म्हणालीस, शुक्रवारचं पण लिहून द्या, नाहीतर वर्षभराने तुम्ही भलतंच सांगाल. तेव्हा जसं झालं तसं.

फैयाजचं सगळं घर बसलं होतं. त्याची बायको, पोरं, शेजारच्या दोघी, ज्यांचं तिथे काही काम नव्हतं. कानिफनाथ दारात उभा राहिला, टेम्पोची किल्ली बोटात फिरवत. मी हात पुढे केला. हात तसाच असताना माझ्या मनातून अख्खा लिलाव गेला. मग ओढणी आली.

तू दोन बोटं दाबलीस आणि तिसऱ्यावर नख घासलंस. अडीच भाकरी. मी मान हलवली. बघ, पहिल्या भावाला हो म्हणालो. छगनला सांगितलं तर तो अजून खोटं समजतो.

मग तुझा आकडा. एक बोट.

मूठ नव्हती. मी आलेल्या वाटेने एकटा परत जाणार नव्हतो, एवढं त्या एका बोटात होतं, आणि तिथे माझं काम झालं होतं. गप्प बसायचं होतं. पण मी तुझी तीन बोटं दाबली.

तू डोळे वटारलेस. एक बोट, दुसऱ्यावर नख. मी परत तीन. तू हात ओढायला बघितलास, मी सोडला नाही. फैयाज म्हणाला, काय चाललंय? वचन मोडलं, ते कबूल. आयुष्यभर भाव पाडत आलो, त्या दिवशी पहिल्यांदा चढवत होतो आणि गंमत अशी की तेही जमत होतं. तू दोनवर आलीस आणि अडून बसलीस.

मग मी हात काढला, उठलो, टोपी सारखी केली आणि सावकाश दाराकडे निघालो. कानिफनाथ घाबरून बाजूला झाला. उंबऱ्यापर्यंत गेलो. नगरला या जागी एसीचं ऐकावं लागलं होतं. एक पाय बाहेर टाकला.

मागून तुझा आवाज आला. "बसा. अडीच."

फैयाजने विचारलं, काय अडीच? तू म्हणालीस, "बाजारातलं बाजारात." आणि पिशवी आणायला आत गेलीस. पिशवी भरलेलीच होती, ते मला चेनच्या आवाजावरून कळलं. काही भरल्याचा आवाज आला नाही, नुसती चेन लावल्याचा आला. सौदा झाल्यावर समोरच्याने आधीच काय ठरवलं होतं, ते विचारायचं नसतं.

काल सुकन्या मॅडमला फोन केला. अडीच-अडीच ठरलं म्हणालो. ती म्हणाली, भाकरी केवढी? मी म्हणालो, बिबीजानच्या हाताएवढी. ती म्हणाली, त्यांना पुढच्या खेपेला आत घेऊन या, बाहेर बाकावर नको, त्यांचाही आकडा मला नीट काढायचाय. तोवर हेच ठेवा, पातळ थापायला सांगा आणि नमुने बंद. मी म्हणालो, रमजान लागतोय, नमुने आपोआप बंद. ती म्हणाली, दिवसाचं बोलत नाही मी, इफ्तारीनंतरचं बोलतेय. हुशार आहे ती पोरगी.

आता मगरीब झाली. चांद दिसला, मशिदीतून पुकारा झाला. चौकात उद्याच्या शिवजयंतीचा ढोल चाललाय, छगन त्याच्यातच आहे. मघाशी इथून जाताना ओरडून गेला, "नूरभाई, वहिनी आल्या, आता भज्यांचं काय करायचं?" तू आतून ओरडलीस, "इफ्तारीला घेऊन या, बसून खाऊ." बसून खाऊ म्हणालीस, ते मी ऐकलं.

अजून काही लिहायचं होतं, पण आत थाळा ठेवल्याचा आवाज आला. एकच. मोठा. त्यामागून दुसरा आवाज यायला हवा होता, तू परत चुलीकडे गेल्याचा. मी कान देऊन थांबलो. तो आला नाही.

तू बसली आहेस. येतो.

नूरमहंमद